क्रम सोडायचा नाही

ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, व्हायचं ठरलं की मुलं सगळ्यात आधी स्टेथोस्कोप विकत घेतात. तू आधी आईच्या कपाटातून तुझं लसीकरणाचं कार्ड शोधून काढ. हेपटायटिस-बीचे तीन डोस नव्याने घ्यायची वेळ आली तर सहा महिने जातात, आणि ते झाल्याचा कागद नसेल तर प्रत्यक्ष अनुभवाच्या तासांना हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत कुणी उभं करत नाही. तू ठाण्यात जन्मलेली, न्यू जर्सीत वाढलेली. अर्धे डोस तिकडचे, अर्धे इकडचे, आणि तिकडच्या डॉक्टरांचं अक्षर इकडच्या ऑफिसातल्या माणसाला लागत नाही. कार्ड सापडलंच नाही तर रक्ताची टायटर चाचणी करून घे. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, टीबीची तपासणी, हंगामातली फ्लूची लस, हे सगळं एका फाइलमध्ये लाव आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेव. पुढची दोन वर्षं कुणी ना कुणी ती फाइल मागणार आहे.

मग नाव. आपल्या लोकांची निम्मी रडकथा नावात असते. शाळेत एक, पासपोर्टवर दुसरं, मधे बाबांचं नाव कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर कुणीतरी दोन्ही नावं जोडून एकच केलेलं. परीक्षा घेणाऱ्या नॅशनल रजिस्ट्रीचं खातं उघडताना जे नाव लिहिशील तेच परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्रावर हवं. टेस्ट सेंटरवरची बाई तुझा अभ्यास किती झालाय ते विचारत नाही, ती दोन नावं शेजारी ठेवून बघते. जुळली नाहीत तर घरी पाठवते. हा घोळ खातं उघडायच्या आधी मिटवून टाक.

आता कागदांची उतरंड नीट समजून घे, कारण भली हुशार मुलं तिथे गडबडतात. कोर्स संपला की शाळा सर्टिफिकेट देते. त्याने तू काहीच होत नाहीस, फक्त परीक्षेला बसायला पात्र होतेस. मग नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा. नावात ‘नॅशनल’ असलं तरी ही सरकारी कचेरी नाही. ओहायोतल्या कोलंबसची ना-नफा संस्था आहे, १९७० साली निघालेली. या मुलीला किमान एवढं येतं, इतकीच ग्वाही ती देते. रुग्णाला हात लावायची कायदेशीर परवानगी राज्य देतं, आणि न्यू जर्सीत ते काम आरोग्य खात्याच्या ऑफिस ऑफ इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसकडे आहे. कुठे त्या परवानगीला लायसन्स म्हणतात, कुठे सर्टिफिकेशन. तू कार्डावर सही कुणाची आहे ते बघ. आणि राज्याचं कार्ड खिशात आलं म्हणून एकटीने रस्त्यावर कुणाला ऑक्सिजन लावत सुटायचं नसतं. कुठल्या तरी स्क्वॉडमध्ये किंवा कंपनीत नाव हवं, आणि काम प्रोटोकॉलच्या चौकटीत हवं.

ही कटकट कशासाठी, असं तू विचारशीलच. १९६० च्या दशकापर्यंत या देशात पुष्कळ गावांत अँब्युलन्स म्हणजे फ्युनरल होमची गाडी असायची. माणूस आडवा झोपवता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याचकडे होती. गाडीत बसणाऱ्याला काही यायला हवं असा नियम बहुतेक ठिकाणी नव्हता. १९६६ साली नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला, आणि त्यानंतर प्रशिक्षण, परीक्षा, गाडीतलं सामान अशी एकेक गोष्ट ठरत गेली. पिट्सबर्गच्या फ्रीडम हाउस अँब्युलन्स सर्व्हिसबद्दल वाच. १९६७ साली हिल डिस्ट्रिक्टमधल्या, नोकरी मिळत नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना हाताशी धरून ती सुरू झाली, आणि डॉ. पीटर सफार यांनी त्यांना शिकवलं. शहराने १९७५ साली ती गुंडाळली. परीक्षेत यातलं काही येत नाही, तरी वाच.

कोर्स कुठला घ्यायचा? दीडशे ते दोनशे तासांच्या घरात तो असतो. संध्याकाळचे दोन वर्ग आणि शनिवार असा चार-पाच महिन्यांचा मिळतो, नाहीतर उन्हाळ्यात सगळा दाबून दीड-दोन महिन्यांत बसवलेला. उन्हाळ्याचा घेऊ नकोस असं मी म्हणेन. डोक्यात जातं सगळं, हातात उतरत नाही. त्याआधी गावातल्या व्हॉलंटिअर स्क्वॉडच्या दारात जाऊन ये. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी कुणी ना कुणी रिग, म्हणजे अँब्युलन्स, धूत असतं. न्यू जर्सीत स्वयंसेवी स्क्वॉडच्या सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी राज्याचा ईएमटी ट्रेनिंग फंड आहे, वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या दंडातून त्यात पैसे पडतात. सदस्य होऊन गेलीस तर फीचा मोठा भार हलका होतो, आणि वर्ग चालू असतानाच मागच्या सीटवर बसून कॉल बघायला मिळतात, ते तर पैशांहून मोलाचं. पगारी नोकरीचा विचार असेल तर कामाची परवानगी आहे की नाही हे आधी तपास. व्हिसावरच्या मुलांनी हे मैत्रिणीला विचारून ठरवायचं नसतं, वकिलाला विचारायचं.

तुझा हेतू मेडिकल कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढवायचा आहे, हे मला माहीत आहे. असू दे. बऱ्याच जणी तशाच येतात. पण अर्ज गेल्यावर शिफ्टला यायचं बंद करणाऱ्यांची स्क्वॉडला चीड असते, आणि ती वाजवी असते. किती महिने देणार ते पहिल्याच भेटीत खरं सांग.

वर्गात नारिंगी पाठ्यपुस्तक मिळेल. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सचं ते पुस्तक १९७१ पासून निघतंय, उशीला घेता येईल एवढं जाड. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ करायच्या फंदात पडू नकोस. रुग्ण-तपासणीचं एक प्रकरण आहे, ते मात्र इतकं वाच की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. सगळा कोर्स त्या एका प्रकरणाभोवती फिरतो. आत शिरण्यापूर्वी जागा सुरक्षित आहे का. हातात मोजे आहेत का. किती माणसं आहेत, जास्त मदत लागेल का. मग रुग्ण शुद्धीवर आहे का, रक्ताची धार लागली आहे का, श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, नाडी कशी आहे, त्वचा गरम-कोरडी की थंड-ओली. एवढं झाल्याशिवाय मोडलेल्या पायाकडे बघायचंसुद्धा नाही, मग तो कितीही वाकडा झालेला असो. वाकडा पाय डोळ्यांत भरतो, पण माणूस बंद पडलेल्या श्वासाने जातो. वर्गातल्या हुशार मुली इथेच घसरतात, कारण त्यांना आजाराचं नाव ओळखायची घाई असते. नाव ओळखणं आपलं काम नाही. आधी जीव घेणाऱ्या गोष्टी, मग बाकीच्या. जे सापडेल ते तिथल्या तिथे हाताळून पुढे. हा क्रम सोडायचा नाही.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत हाच क्रम मोठ्याने बोलून दाखवावा लागतो. परीक्षकासमोर कागद असतो आणि त्याला जे दिसतं किंवा ऐकू येतं त्यालाच तो गुण देतो. मोजे घातले, जागा सुरक्षित आहे, हे तोंडाने म्हणायचं राहिलं तर पुढचं सगळं बिनचूक करूनही नापास करतात. आपल्या मुलींना मोठ्याने बोलायचा संकोच वाटतो, मनातल्या मनात सगळं येत असतं. म्हणून घरी सराव कर, आणि सरावाला आजीला घे. मैत्रीण रुग्ण झाली की पुस्तकातली उत्तरं देते. आजीला ‘कधीपासून दुखतंय’ विचारलंस तर ती नागपूरच्या मावसबहिणीच्या लग्नापासून सुरुवात करेल, औषधं विचारलीस तर ‘ती पांढरी गोळी’ म्हणेल, शेवटचं कधी खाल्लं विचारलंस तर ‘कुठे काय खाल्लं, नुसता चहा’ म्हणेल आणि मागून दोन खाकरे कबूल करेल. खऱ्या कॉलवर अशीच माणसं भेटतात. तिला न दुखावता मुद्द्यावर आणायला शिकलीस की इतिहास घेण्याची अर्धी विद्या आली.

हाताची कामंही पुन्हा पुन्हा कर, आणि त्यांच्यातही क्रम बघ. ऑक्सिजनच्या सिलिंडरला रेग्युलेटर लावायच्या आधी झडप क्षणभर उघडायची, तोंडाशी बसलेली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर, मग दाब वाचायचा. भरलेला सिलिंडर दोन हजार पीएसआयच्या आसपास दाखवतो आणि दोनशेवर आला की बदलायचा. नॉन-रीब्रीदर मास्क लावायचा असेल तर फ्लो पंधरा लिटरवर आणायचा, मास्कच्या आतल्या झडपेवर बोट दाबून खालची पिशवी टम्म फुगू द्यायची, आणि मगच मास्क चेहऱ्यावर. रिकाम्या पिशवीचा मास्क लावलास तर आधीच गुदमरलेल्या माणसाला आणखी गुदमरवशील. काढताना उलटं. आधी मास्क काढायचा, मग ऑक्सिजन बंद. टूर्निकेट जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर बांधायचा, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. ती वेळ सर्जनला लागते. सीपीआरला मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीत किमान दोन इंच खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमल्यावर पहिल्यांदा हीच गोष्ट सुटते. तुझ्या मनगटापेक्षा तुझ्या पार्टनरला ते आधी दिसतं, तेव्हा त्याने ‘बदल’ म्हटलं की वाद न घालता बाजूला हो.

लेखी परीक्षा संगणकावर असते. कोर्सच्या संचालकाने तुझा कोर्स पूर्ण झाल्याचं रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कळवल्याशिवाय एटीटी, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, निघत नाही. आठवड्यात निघाली नाही तर गप्प बसू नकोस, त्यांना गोड शब्दांत आठवण कर. परवानगी ९० दिवस चालते. तारीख लगेचची घे. कोर्स संपून महिना उलटला की डोक्यातलं ओसरायला लागतं. प्रश्न सत्तर ते एकशेवीस, वेळ दोन तास. संगणक तुझ्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो, त्यामुळे प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. सत्तरला पडदा बंद झाला म्हणून हरखू नकोस आणि एकशेवीसपर्यंत गेला म्हणून रडू नकोस, त्यावरून निकाल सांगता येत नाही. परीक्षा अवघड वाटणं हाच तिचा धर्म आहे. बरोबर उत्तर दिलंस की ती पुढे कठीण प्रश्न ठेवते.

सगळ्यात जास्त प्रश्न प्राथमिक तपासणीवर असतात, चाळीस टक्क्यांच्या आसपास. चारही पर्याय बरोबर दिसतात तेव्हा प्रश्न हा असतो की आधी काय. म्हणजे पुन्हा तोच क्रम. बाजारात हजारो प्रश्नांचे अ‍ॅप मिळतात, मुलं ते रात्रंदिवस सोडवतात. थोडे सोडव. पण चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठ करण्यापेक्षा आपण क्रमातली कुठली पायरी ओलांडली ते शोध. नापास झालीस तर पंधरा दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीन वेळा नाही जमलं तर २४ तासांचं उजळणी-शिक्षण घेऊन आणखी तीन संधी. हे सगळं कोर्स संपल्यापासून दोन वर्षांच्या आत.

राज्याचा अर्ज भरताना जुनं काही लपवू नकोस. कॉलेजात कधी पोलिसांनी पकडलं असेल आणि प्रकरण मिटलं असेल, तरी अर्जात विचारलेलं असेल तर लिही. तपासात सापडलेली गोष्ट मुळातल्या गोष्टीपेक्षा महाग पडते. कार्ड आल्यावर राज्याचा प्रोटोकॉल बसून वाच, कारण पाठ्यपुस्तक देशभराचं असतं आणि परवानगी राज्याची असते. एका राज्यात ईएमटीने केलेली गोष्ट दुसऱ्या राज्यात तिच्या कक्षेबाहेर असू शकते. न्यू जर्सीत तर पॅरामेडिक हॉस्पिटलचे असतात आणि वेगळ्या गाडीतून येतात. ते पोचेपर्यंत रुग्ण तुझा आहे, आणि ते लागणार आहेत की नाहीत हे लवकर ओळखणं ही तुझी खरी हुशारी.

एक गोष्ट मात्र तुला पुस्तकाबाहेरची येते आणि ती वाया घालवू नकोस. एडिसनला, आयसेलिनला भारतातून आलेले आईवडील सहा महिने राहायला असतात. त्यांच्या डब्यातल्या गोळ्या इथल्या कुणाला ओळखू येत नाहीत. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. छातीत दुखणाऱ्याला तू अ‍ॅस्पिरिन चघळायला देशील, ८१ मिलिग्रॅमच्या चार, तेव्हा आज किती इकोस्प्रिन पोटात गेली आहे ते आधी विचार. सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट, नायट्रोग्लिसरीनच्याच जातीची. आजोबांनी अँब्युलन्स यायच्या आत जिभेखाली दोन ठेवल्या असतील तर रक्तदाब आधीच उतरलेला असणार. किती वाजता, किती गोळ्या, हे लिहून घे. अ‍ॅसिट्रॉम तर अमेरिकेत मिळतच नाही, आणि ती रक्त पातळ करणारी गोळी आहे. ती घेणारी आजी न्हाणीघरात पडून डोक्यावर आपटली, बोलतेय छान, टेंगूळही लहान, तरी ‘राहू दे घरीच’ म्हणू नकोस, आणि डबा बरोबर घेऊन इमर्जन्सीच्या डॉक्टरच्या हातात दे.

भाषेचंही तसंच. ‘गॅस झालाय’, ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरतोय’ हे शब्द ऐकून सुनेने इंग्रजीत ‘जस्ट अ‍ॅसिडिटी’ सांगितलेलं असतं. मधुमेही माणसाला आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत नेहमीसारखं दुखेलच असं नाही. सुनेचं ऐक, पण प्रश्न सासूला विचार, मराठीत, आणि तिचे शब्द रिपोर्टमध्ये जसेच्या तसे लिही. साठीच्या काकांना नायट्रोग्लिसरीन द्यायच्या आधी व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली आहे का हे विचारावंच लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळतो. ते बायकोसमोर खरं बोलणार नाहीत. काकूंना विम्याचं कार्ड आणायला आत पाठव.

ज्यांच्या घरी जाशील त्यातली काही घरं ओळखीची निघतील. कुणाचा मुलगा गोळ्या खाऊन पडलेला सापडेल, कुणाचे काका दारूच्या नशेत जिन्यावरून पडलेले. मंडळाच्या गणपतीला तीच माणसं तुझ्या पानात मोदक वाढतील. तोंडातून अवाक्षर नको. रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा कायदा आहेच, पण कायद्याचं राहू दे. एकदा गोष्ट फुटली की आपली माणसं ९११ फिरवण्याआधी ‘कोण येईल कुणास ठाऊक’ असा विचार करायला लागतात. आईलाही सांगायचं नाही. ती विचारेल.

शिफ्टचं थोडक्यात. आल्याबरोबर रिग तपास: सिलिंडरचा दाब, सक्शनची बॅटरी, एईडीच्या पॅडवरची मुदत. आधीच्या क्रूने तपासलंय असं म्हणाले तरी तपास. पाठ जप. वजन उचलताना गुडघ्यात वाक, आणि उचलवणार नाही असं वाटलं तर लाज न बाळगता आणखी माणसं मागव. या कामातून माणसं बाहेर पडतात ती बहुधा पाठीने. पगारी काम केलंस तर पैसे बेताचेच मिळतात, ते डोळे उघडे ठेवून स्वीकार. आणि काही कॉल डोक्यातून जात नाहीत, लहान मुलांचे विशेष. तेव्हा स्क्वॉडमधल्या जुन्या माणसाशी बोल. घरच्यांशी बोलता येत नाही, ते वर सांगितलंच.

शेवटी मुदती. रजिस्ट्रीचं सर्टिफिकेट दोन वर्षांचं असतं आणि ईएमटीचं ३१ मार्चला संपतं. नूतनीकरणाला ४० तासांचं शिक्षण लागतं: वीस तास ठरलेल्या विषयांचे, दहा राज्याने किंवा स्क्वॉडने ठरवलेले, दहा तुझ्या आवडीचे. राज्याच्या कार्डाची मुदत वेगळी असते, सीपीआर कार्डाची तिसरीच. तिन्ही तारखा एका कागदावर लिहून फ्रिजला लाव. कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेलीस तर इथलं कार्ड तिथे आपोआप चालत नाही. काही राज्यांनी आपसात करार केलेला आहे, सगळ्यांनी नाही. तिथे अर्ज करताना रजिस्ट्रीचं चालू सर्टिफिकेट हाताशी असेल तर पुष्कळ ठिकाणी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, म्हणून राज्याचं कार्ड आहे ना, मग रजिस्ट्रीचं गेलं तरी चालेल, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नकोस. तास जमतील तसे दर महिन्याला नोंदवत जा आणि अर्ज जानेवारीतच पाठव. त्यावर ट्रेनिंग ऑफिसरची मान्यता लागते, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम त्याच्यामागे लागलेले असतात.